तापता अरबी समुद्र आणि खोल चाललेला बांगडा

बांगडा हा वरच्या पाण्यातला मासा. थवे करून फिरणारा, किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीत आणि तरंगत्या जाळ्यांत सापडणारा. समुद्राचा तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यात तो पूर्वी क्वचितच यायचा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या, म्हणजे सीएमएफआरआयच्या नोंदींनुसार १९८५ ते १९८९ या काळात देशभरात पकडलेल्या बांगड्यापैकी जेमतेम २ टक्के बांगडा तळाच्या ट्रॉलरना मिळत होता. २००३ ते २००७ या काळात हा वाटा १५ टक्क्यांच्या आसपास गेला. मधल्या काळात जाळी बदलली, बोटी वाढल्या, हे आहेच. तरीही संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यातून अर्थ काढला तो असा, की वरचं पाणी तापू लागल्यावर बांगडा खालच्या थंड पाण्याकडे सरकतोय.

त्याच सुमारास तारलीचंही काही वेगळं चाललं होतं. तारली हा मुख्यतः केरळ आणि कर्नाटकाच्या किनाऱ्यावरचा मासा. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तो उत्तरेला महाराष्ट्र-गुजरातकडे आणि देशाच्या पूर्व किनाऱ्यावरही लक्षात येण्याइतका मिळू लागला. एक मासा खोल गेला, दुसऱ्याने मुलूख वाढवला.

‘समुद्र तापतोय’ हे वाक्य आता सगळ्यांच्या कानावरून गेलंय. पण पाणी थोडं कोमट झालं म्हणून माशांचं नेमकं काय बिघडतं, हे सहसा कुणी उलगडून सांगत नाही. डोळ्यांसमोर चित्र येतं ते उकाड्याने तडफडणाऱ्या माशांचं, आणि ते बहुतांशी चुकीचं आहे. आपल्या समुद्रात मासे उष्णतेने भाजून मरत नाहीत. वरचं पाणी तापलं की वरच्या आणि खालच्या पाण्याची देवाणघेवाण अडते. त्या देवाणघेवाणीवरच समुद्राचं अन्न आणि समुद्रातला प्राणवायू अवलंबून असतो. हा एक धागा हातात धरला तर बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप समजतात.

एक अंश म्हणजे किती?

हवेत एका अंशाचा फरक आपल्याला जाणवतही नाही. पहाटे २२ आणि दुपारी ३४ अंश असा दिवस आपण सहज काढतो. समुद्राचं तसं नसतं. कोकण-गोव्यासमोरच्या खुल्या पाण्यात पृष्ठभागाच्या तापमानाची सगळ्या वर्षाची चढउतार चार-पाच अंशांत आटोपते. एप्रिल-मेमध्ये पाणी ३० अंशांच्या आसपास पोचतं. पाऊस आणि वारा सुरू झाला की दोन-तीन अंशांनी उतरतं. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा थोडं चढतं आणि हिवाळ्यात खाली येतं. बहुतेक माशांच्या शरीराचं तापमान भोवतीच्या पाण्याइतकंच असतं. अंडी घालण्याची वेळ, पिल्लांची वाढ, खाद्य पचवण्याचा वेग, सगळं या चार-पाच अंशांच्या पट्ट्यात बसवलेलं असतं. त्या पट्ट्यात एक अंश ही फार मोठी रक्कम आहे.

आता आकडे. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर जी जास्तीची उष्णता अडकते, तिच्यातली ९० टक्क्यांहून अधिक समुद्रांनी पोटात घेतली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं, की १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराचं उन्हाळी तापमान सुमारे १.२ अंशांनी वाढलं. २०२४ मध्ये त्यांच्याच गटाने पुढचा हिशेब मांडला. १९५० ते २०२० या काळात हिंदी महासागर शतकाला १.२ अंश या वेगाने तापत होता. २०२० ते २१०० या काळात, आपण वायू किती सोडतो त्यानुसार, हा वेग शतकाला १.७ ते ३.८ अंश असेल. सर्वांत जास्त तापणाऱ्या भागांत आपला अरबी समुद्र येतो.

शंभर वर्षांपूर्वीचं समुद्राचं तापमान कुणी आणि कसं मोजलं, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर आहे बादली. जहाजावरचे लोक दोरी बांधलेली बादली समुद्रात टाकायचे, पाणी वर ओढायचे, त्यात तापमापक बुडवायचे आणि वहीत आकडा लिहायचे. व्यापारी मार्गांवरच्या जहाजांनी असे लाखो आकडे मागे ठेवले आहेत. त्यांत एक खोट होती. कॅनव्हासची बादली वर येईपर्यंत वाऱ्याने पाणी थोडं गार व्हायचं, त्यामुळे आकडा जरा कमी पडायचा. पुढे जहाजाच्या इंजिनाला थंड ठेवण्यासाठी आत घेतलेल्या पाण्याचं तापमान नोंदवू लागले, ते किंचित जास्त यायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासच्या नोंदींत ही सरमिसळ फार आहे. शास्त्रज्ञांनी बादलीचा प्रकार, काळ आणि प्रदेश पाहून या चुका दुरुस्त केल्या. १९८० च्या दशकापासून उपग्रह नियमितपणे पृष्ठभागाचं तापमान मोजू लागले. या शतकात आर्गो नावाचे तरंगक आले. ते सुमारे दोन हजार मीटर खोल बुडी मारतात आणि दर दहा दिवसांनी वर येऊन खालपासून वरपर्यंतचं तापमान आणि खारटपणा उपग्रहाला कळवतात. मोजण्याच्या पद्धती वेगवेगळ्या, पण कल सगळ्यांचा एकच दिसतो.

हा कल सरळ रेषेत चढत नाही. प्रशांत महासागराचं पाणी तापून एल निनो आला की वर्षभर आपलं पाणी जास्त तापतं. हिंदी महासागराची स्वतःची एक हेलकावणीही आहे, तिला इंडियन ओशन डायपोल म्हणतात. ती धन बाजूला गेली की आफ्रिकेकडचं पाणी गरम आणि इंडोनेशियाकडचं थंड होतं. २०१९ हे तसं जोरदार वर्ष होतं. म्हणून एखाद्या वर्षी पाणी थंड निघालं तर ‘कुठे तापतोय समुद्र’ असं म्हणण्यात अर्थ नाही, आणि एकाच गरम वर्षावरून सगळं संपलं असंही म्हणू नये. दहा-दहा, तीस-तीस वर्षांच्या सरासऱ्या शेजारी ठेवाव्या लागतात.

गरम पाण्याची साय

समुद्रातल्या वनस्पतींना, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगत्या वनस्पती प्लवकांना, दोन गोष्टी लागतात: ऊन आणि खत. ऊन फक्त वर आहे. नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट ही खतं बहुतेक खाली असतात, कारण वरचं सगळं मेलेलं, कुजलेलं खाली पडत राहतं. म्हणजे खत खाली आणि ऊन वर, अशी ही कायमची ताटातूट. खालचं पाणी वर आलं तरच समुद्र पिकतो. जगातली मोठी मासेमारीची ठिकाणं पाहिली तर बहुतेक ठिकाणी खालचं पाणी वर आणणारी काहीतरी व्यवस्था सापडते.

आपल्या किनाऱ्यावर अशा दोन व्यवस्था आहेत, आणि त्या दोन वेगळ्या ऋतूंत चालतात. हा भाग मला फार विलक्षण वाटतो.

दक्षिणेची व्यवस्था पावसाळ्यात चालते. जून ते सप्टेंबर वारा किनाऱ्याला बराचसा समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे असा वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी वाऱ्याच्या दिशेने न जाता उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर ढकललं जातं. रिकाम्या झालेल्या जागी खालचं थंड, खतयुक्त पाणी वर सरकतं. यालाच अपवेलिंग म्हणतात. केरळ आणि दक्षिण कर्नाटकासमोर ते जोरात असतं आणि उत्तरेकडे गोव्यापर्यंत येता येता मंदावतं. तारली, बांगडा यांची अंडी-पिल्लं नेमकी याच काळात असतात, हा काही योगायोग नाही.

उत्तरेची व्यवस्था हिवाळ्यातली. डिसेंबर ते फेब्रुवारी जमिनीवरून कोरडे, थंड वारे समुद्रावर जातात. त्यांनी वरचं पाणी गार होतं, बाष्पीभवनाने अधिक खारट होतं आणि त्यामुळे जड होतं. जड झालेलं पाणी खाली बुडतं, त्याच्या जागी खालचं वर येतं, सगळी उलथापालथ होते आणि खत उन्हात पोचतं. गुजरात आणि त्यापलीकडच्या उत्तर अरबी समुद्राची हिवाळी श्रीमंती या घुसळणीवर उभी आहे.

आता पृष्ठभाग तापवला तर काय होतं ते पाहा. गरम पाणी हलकं असतं. दुधावर साय धरावी तसा ते वर थर धरून राहतं, आणि हा थर जितका गरम तितका तो खालच्या थंड पाण्यात मिसळायला नाखूश. वाऱ्याला तो फोडायला जास्त जोर लागतो. हिवाळ्यातही पाणी पुरेसं जड होत नाही. हिमालय-तिबेटकडचा बर्फ कमी झाल्याने तिकडून येणारे हिवाळी वारे पूर्वीपेक्षा उबदार आणि दमट झालेत, असंही एका गटाने २०२० मध्ये दाखवून दिलं. मग दोन्ही व्यवस्था कुरकुरत चालू लागतात. रॉक्सी कोल यांच्या गटाच्या २०१६ च्या अभ्यासानुसार पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पती प्लवकं २० टक्क्यांपर्यंत घटली आहेत. तापमान हा आकडा सगळे बघतात. हा दुसरा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो, कारण तो सरळ माशांच्या ताटातला आहे.

निळा उजेड

कमी झालं इतकंच असतं तरी निभावलं असतं. प्लवकांची जातही बदलतेय.

अरबी समुद्रातल्या हिवाळी पिकात पूर्वी डायटम या काचेच्या कवचाच्या प्लवकांचं राज्य होतं. तारलीसारख्या माशांचं आणि बारीक प्राणी प्लवकांचं हे मुख्य खाद्य. या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांच्या जागी नॉक्टिल्युका नावाच्या जिवाचे प्रचंड हिरवे पट्टे हिवाळ्यात पसरू लागले, इतके की ते उपग्रहातून दिसतात. मुळात गोव्याचे असलेले जोआकिम गोएस आणि हेल्गा दो रोझारियो गोम्स या शास्त्रज्ञ जोडप्याने त्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आहे. नॉक्टिल्युका एकपेशीय आहे, पण प्लवकांच्या मानाने मोठा. त्याच्या पोटात हिरव्या शैवाल पेशी राहतात आणि उन्हावर अन्न तयार करतात. शिवाय तो इतर प्लवकांना गिळतो, त्यांत डायटमही आले. म्हणजे दोन्हीकडून कमाई. वर, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात तो डायटमपेक्षा चांगला तगतो. त्याला खाणारे फार थोडे. जेलीफिश आणि सॅल्प हे तरंगते, पारदर्शक जीव यांना तो चालतो, पण आपल्या बाजारातल्या माशांच्या साखळीत त्याला फारशी जागा नाही.

हाच जीव रात्री लाट फुटताना निळा चमकतो. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर, मुंबईत जुहूच्या चौपाटीवर अलीकडच्या वर्षांत लोकांनी त्याचे फोटो काढून सगळीकडे पाठवले. दृश्य सुंदर असतं यात शंका नाही, आणि किनाऱ्याजवळचा प्रत्येक निळा उजेड तापमानवाढीमुळेच आला असंही नाही. सांडपाण्यातलं खत मिळालं तरी हे जीव फोफावतात. तरी उजेड दिसला की फोटोच्या बरोबरीने तिथल्या पाण्यात काय सोडलं जातंय याचीही चौकशी व्हायला हवी, असं मला वाटतं.

कांदोळीसमोरचं सप्टेंबरचं पाणी

प्राणवायूची गोष्ट कांदोळीपासून सांगितली तर नीट कळते. दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ १९९७ पासून गोव्यातल्या कांदोळीसमोर एकाच ठिकाणी जाऊन पाणी तपासत आले आहेत. खोली फक्त २५-३० मीटर. सप्टेंबरमध्ये तिथे काय दिसतं? वर पाच-दहा मीटरचा गरम थर, नद्यांच्या आणि पावसाच्या गोड्या पाण्याने आणखी हलका झालेला. त्याखाली पाच-सहा अंशांनी थंड, खारट पाणी, अपवेलिंगने किनाऱ्याकडे चढून आलेलं. दोघांमध्ये मिसळ जवळजवळ नाही. वरच्या थरात प्लवकं भरपूर. ती मरतात, खाली पडतात, जीवाणू ती कुजवतात आणि त्यासाठी खालचा प्राणवायू वापरतात. वरून नवा प्राणवायू खाली जाऊ शकत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तळाजवळचा प्राणवायू पूर्ण संपू शकतो. त्यानंतरचे जीवाणू सल्फेटवर जगतात. तेव्हा तळाचं पाणी वर काढलं की कुजक्या अंड्याचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा.

हे मुळात नैसर्गिक आहे. अरबी समुद्राच्या पोटात सुमारे दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत प्राणवायू जवळजवळ नसलेला एक प्रचंड थर आहेच, जगातल्या सर्वांत तीव्र थरांपैकी एक. पावसाळ्यात अपवेलिंगबरोबर मुळातच प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याच्या उथळ पट्टीवर चढतं. १९५० च्या दशकात कोचीसमोर काम करणाऱ्या कार्ल बान्से या शास्त्रज्ञाने तेव्हाच लिहून ठेवलंय, की असं पाणी तळावर आलं की ट्रॉलरच्या जाळ्यात तळाचे मासे येईनासे होतात. ते तिथून निघून गेलेले असतात.

मग यात नवं काय? तीन गोष्टी. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: समुद्राच्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे साधारण ७.४ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना ६.२ च्या आसपास. दुसरं, वरची साय जाड आणि गरम झाली की खाली प्राणवायू पोचणं आणखी अवघड होतं. तिसरं, शेतातली खतं आणि शहरांचं मैलापाणी नद्यांतून येऊन प्लवकांना जास्तीचं खाद्य देतं आणि कुजायला जास्त माल तयार होतो. गोव्यातले शास्त्रज्ञ सय्यद वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी या तिसऱ्या कारणाकडे २००० सालीच बोट दाखवलं होतं. प्रत्येक वर्ष मात्र सारखं नसतं. डायपोल धन असलेल्या वर्षी थंड पाण्याची पातळी किनाऱ्यालगत खाली राहते आणि प्राणवायूचा पूर्ण खडखडाट टळतो. समुद्रात एक वाईट गोष्ट कधीकधी दुसरीला आवर घालते, आणि म्हणून आकडे वाचताना घाई करून चालत नाही.

माशाच्या बाजूने हा हिशेब फार कडक आहे. पाणी तापलं की त्याच्या शरीराची भट्टी जोरात चालते आणि त्याला जास्त प्राणवायू लागतो. नेमक्या त्याच पाण्यात तो कमी असतो. मोठ्या शरीराला ही ओढाताण जास्त बसते. वर जास्त गरम, खाली जास्त गुदमरतं, असं झालं की मधली राहण्याजोगी पट्टी अरुंद होते. मासे त्या पट्टीत दाटतात, किंवा किनाऱ्याकडे उथळ पाण्यात येतात. तेव्हा काही दिवस जाळी भरभरून येतात आणि समुद्र भरलाय असा भास होतो.

तारलीचा धडा, आणि आपला वाटा

तापमानाने कोणता मासा सर्वांत जास्त हेलकावतो असं विचारलं तर उत्तर तारली. आयुष्य दोन-अडीच वर्षांचं, खाद्य मुख्यतः प्लवकं, अंडी पावसाळ्यात. एक पावसाळा बिघडला की पुढच्याच वर्षी जाळ्यात कळतं. केरळात २०१२ साली सुमारे ३.९ लाख टन तारली मिळाली. २०२१ मध्ये ती ३,२९७ टनांवर आली. शंभरातला एकसुद्धा उरला नाही. त्यानंतर ती पुन्हा सावरली आणि २०२३ मध्ये लाखाच्या वर गेली.

या घसरणीत २०१५ च्या मोठ्या एल निनोचा आणि बिघडलेल्या अपवेलिंगचा हात होता, हे सीएमएफआरआयने सांगितलं आहे. पण त्याच संस्थेने हेही सांगितलं, की भरभराटीच्या वर्षांत बेसुमार पकड झाली आणि त्यात वाढ पूर्ण न झालेल्या पिल्लांचा वाटा मोठा होता. १९४० च्या दशकातही तारली अशीच कोसळली होती, तेव्हा तर समुद्र आजच्याइतका तापलेला नव्हता.

हा मुद्दा मी मुद्दाम रेटून मांडतोय. महाराष्ट्रात पापलेट कमी झालं, घोळ मासा दिसेना, म्हणजे समुद्र तापला, असं म्हणणं अनेकांना सोयीचं आहे. वातावरणाकडे बोट दाखवलं की जाळ्याकडे बघावं लागत नाही. पापलेटच्या बाबतीत बोटभर पिल्लं पकडून विकणं हे उघड कारण समोर आहे. एलईडी दिवे लावून रात्री मासे गोळा करण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, अख्खा थवा वेढून घेणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध आणले, तरी रापणवाले आणि छोटे गिलनेटवाले आजही त्याच तक्रारी घेऊन उभे आहेत. तापमानवाढ या सगळ्याची जागा घेत नाही, ती त्याच्यावर येऊन बसते. भरपूर मोठ्या, अंडी देणाऱ्या माद्या समुद्रात असल्या तर एखादं गरम वर्ष निभावून जातं. सगळा साठा कोवळा असेल तर तेच वर्ष कंबरडं मोडतं.

प्रवाळ मात्र कुठेच जाऊ शकत नाही

माशाला सरकता येतं. प्रवाळ जागेला खिळलेलं.

प्रवाळाचा एक जीव पाहिला तर तो काही मिलिमीटरचा, मऊ, तोंडाभोवती बारीक शुंडकं असलेला. त्याच्या पातळ कातडीत सूक्ष्म शैवाल राहतात. तेच त्याला रंग देतात आणि त्याच्या अन्नाचा मोठा भागही. त्या ठिकाणच्या सर्वांत गरम महिन्याच्या सरासरीपेक्षा पाणी एका अंशाने वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की शैवालांच्या अन्न तयार करण्यात बिघाड होऊन घातक रसायनं तयार होऊ लागतात. जीव ती शैवालं बाहेर टाकतो. पारदर्शक कातडीतून खालचा पांढरा चुनखडीचा सांगाडा दिसू लागतो. याला ब्लीचिंग म्हणतात. या अवस्थेत तो मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर थंड झालं तर शैवालं परततात. नाही झालं तर तो मरतो आणि सांगाड्यावर शेवाळ चढतं.

मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहे. १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं. गेल्या दशकात तिथेही ब्लीचिंग नोंदवलं गेलं. या प्रवाळाला पावसाळ्यात गढूळ, गोडं पाणी सोसायची सवय आहे, पण वर उष्णता, नांगर आणि पर्यटकांचे पाय असं एकदम आलं तर ती सवय पुरी पडत नाही. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, वीसेक मीटर पाण्याखाली आंग्रिया बँकचं मोठं प्रवाळक्षेत्र आहे. किनाऱ्याच्या गाळापासून ते लांब आहे, उष्णतेपासून नाही. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठी ब्लीचिंग झाली, २०२४ मध्ये पुन्हा. तिथल्या काही बेटांवरच्या दीर्घ निरीक्षणांत जिवंत प्रवाळाचं आच्छादन १९९८ मधल्या सुमारे ३७ टक्क्यांवरून २०२२ पर्यंत साधारण निम्म्यावर आलं. दोन तडाख्यांमध्ये सावरायला मिळणारा वेळ कमी होतोय, ही खरी अडचण आहे.

या तडाख्यांना आता सागरी उष्णतेच्या लाटा म्हणतात. एखाद्या जागी, त्या तारखेला, तीस वर्षांच्या नोंदींतल्या सर्वांत गरम दहा टक्क्यांत मोडेल इतकं पाणी सलग पाच किंवा अधिक दिवस राहिलं की ती लाट. १९७० ते २००० या काळात हिंदी महासागरात वर्षाला सरासरी वीसेक दिवस अशी अवस्था असायची. शतकाअखेर ती २२० ते २५० दिवस असेल, असा २०२४ च्या त्याच अभ्यासाचा अंदाज आहे. तेव्हा तिला लाट म्हणणंच चुकीचं ठरेल.

गरम पाण्याचा आणखी एक परिणाम मच्छीमारांना आकडेवारीशिवाय माहीत आहे. १९८२ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. फयान, निसर्ग, तौक्ते ही नावं कोकणात कुणाला सांगावी लागत नाहीत. वादळ किनाऱ्यावर न येता दूरून गेलं तरी बोटी बंदरात बांधून ठेवाव्या लागतात, आणि हे दिवस नेमके मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या धंद्यातून जातात.

तारखा कुणी ठरवायच्या?

हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून तापमान आणि प्लवकांचा हिरवेपणा पाहून मासे कुठे जमतील याचा अंदाज मराठीसह किनाऱ्यावरच्या भाषांत देते. गरम आणि थंड पाणी जिथे भिडतं तिथे प्लवकं साठतात आणि मासेही, हे त्यामागचं गणित. डिझेल वाचवणारी, उपयोगाची सेवा आहे. मात्र ती मासे शोधायला मदत करते, वाढवायला नाही. साठा घटत असेल तर चांगला अंदाज तो अधिक वेगाने संपवूही शकतो. म्हणून अंदाज आणि पकडीवरचं नियंत्रण एकत्र चाललं पाहिजे.

त्या दृष्टीने दोन गोष्टी हातातल्या आहेत. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला, आणि त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा केलं. हा नियम जाळ्याच्या आसाच्या, म्हणजे भोकाच्या मापापासून बाजारातल्या टोपलीपर्यंत तपासला गेला तर तापत्या समुद्रासाठी यापेक्षा स्वस्त विमा नाही.

दुसरी गोष्ट बंदीच्या तारखा. केंद्राच्या नियमाप्रमाणे पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याआधी महाराष्ट्रात ही बंदी १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांतलं जे आधी येईल तोवर असायची. बंदीचा एक हेतू म्हणजे माशांना अंडी घालू देणं. पण माशांच्या तारखा बदलताहेत. चेन्नईसमोर राणी माशाच्या दोन जातींचं अंडी घालणं काही दशकांत उन्हाळ्याच्या महिन्यांतून थंड महिन्यांकडे सरकल्याचं सीएमएफआरआयने नोंदवलं आहे. पश्चिम किनाऱ्यावर बांगडा, तारली, पापलेट, कोळंबी यांच्या माद्या कोणत्या महिन्यात भरलेल्या असतात हे बंदराबंदरांवर दर वर्षी तपासायचं आणि दर पाच वर्षांनी बंदीच्या तारखा त्यावरून ठरवायच्या, हे काम सीएमएफआरआय आणि राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग मिळून करू शकतात. माशाचं पोट फाडून गाभोळी पाहायला उपग्रह लागत नाही, आणि कोळीवाड्यातल्या बायका हे रोजच्या रोज करतच असतात. त्यांनी पाहिलेलं तारखेसह लिहून घेण्याची सोय पहिल्यांदा बंदरांवर करावी.